सैनिकांच्या गोळीबाराची चौकशी: एकाच घटनेचे दोन अहवाल उलटे कसे येतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात, बोगसाइड वस्तीत, ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने नागरी हक्कांच्या मोर्चाच्या वेळी गोळीबार केला आणि त्याच दिवशी १३ जण मेले. त्यावर दोन चौकशा झाल्या, दोन्ही न्यायाधीशांच्या. पहिलीने सैनिकांना बव्हंशी पाठीशी घातलं, दुसरीने मृतांना निर्दोष ठरवलं. दोन्हींना साक्षीदार बोलावण्याचे अधिकार होते. मग फरक कशाने पडला? दुसऱ्या चौकशीनंतरही कोणाला शिक्षा का झाली नाही? आणि भारतात असा आयोग नेमला गेला, तर त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी?

न्यायाधीश किती सज्जन आहेत यावर चौकशीचा निकाल ठरत नाही. आयोगाला काय तपासायला सांगितलंय, पहिल्या आठवड्यात कोणता पुरावा जपला गेला आणि सैनिकांचे पहिले जबाब कोणी, कसे घेतले, या तीन गोष्टींवर तो ठरतो. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, आणि लोकांच्या लक्षात येतं तेही सर्वांत शेवटी.

आधी कार्यकक्षा. घटनेनंतर दोन दिवसांत लॉर्ड चीफ जस्टिस विजरी यांची नेमणूक झाली. ते एकटेच होते, आणि स्वतः लष्करी सेवेतून आलेले. त्यांनी स्वतःला त्या काही रस्त्यांपुरतं आणि मोर्चात हिंसा सुरू झाल्यापासून सैन्य माघारी जाईपर्यंतच्या वेळेपुरतं मर्यादित ठेवलं. मोर्चासाठी पॅराशूट बटालियनच का आणली, अटकेची योजना कोणी आखली, वरून काय आदेश होते, हे सगळं कुंपणाबाहेर राहिलं. त्याच दिवसांत पंतप्रधान हीथ यांनी त्यांना सांगितलं होतं की आपण केवळ लष्करी नव्हे, प्रचाराचंही युद्ध लढतो आहोत. या भेटीचं टिपण १९९५ मध्ये उजेडात आलं आणि नव्या चौकशीच्या मागणीला त्याने मोठं बळ दिलं. विजरींचा अहवाल एप्रिल १९७२ मध्येच आला. काही गोळीबार बेपर्वाईच्या सीमेवर गेला, एवढं त्यात मान्य केलं होतं. पण मृतांपैकी काहींनी त्या दुपारी शस्त्रं किंवा बॉम्ब हाताळल्याचा दाट संशयही त्यात नोंदवला होता. कुटुंबांना तीन दशकांहून अधिक काळ या वाक्याशी झगडावं लागलं.

दुसरी चौकशी जानेवारी १९९८ मध्ये जाहीर झाली. लॉर्ड सॅव्हिल यांच्याबरोबर कॅनडाचे होयट आणि ऑस्ट्रेलियाचे टूही असे दोन परदेशी न्यायाधीश होते. त्या दिवशीच्या मृत्यूंपर्यंत नेणाऱ्या सगळ्या घटना त्यांच्या कार्यकक्षेत होत्या, त्यामुळे योजना आणि आदेशही आपोआप आत आले. ९०० हून अधिक साक्षीदार प्रत्यक्ष तपासले गेले. १५ जून २०१० रोजी १० खंडांचा, सुमारे ५,००० पानांचा अहवाल आला. खर्च १९ कोटी पौंडांच्या वर गेला आणि त्यातला मोठा वाटा वकिलांच्या फीचा होता. निष्कर्ष स्पष्ट होते. गोळी लागलेल्यांपैकी कोणाकडूनही जीवघेणा धोका नव्हता. सैनिकांचा स्वतःवरचा ताबा सुटला. बटालियनच्या कर्नलने वस्तीत सैनिक घुसवले ते वरिष्ठांचा आदेश मोडून. आणि अनेक सैनिकांनी जाणूनबुजून खोट्या हकिगती सांगितल्या. त्याच दिवशी संसदेत पंतप्रधान कॅमरन यांनी या हत्या असमर्थनीय असल्याचं सांगून सरकारच्या वतीने माफी मागितली.

आता पुराव्याकडे येऊ. विजरींचा संशय मुख्यतः हातांवर आणि कपड्यांवर सापडलेल्या शिशाच्या कणांवर उभा होता. बंदूक झाडली की असे कण उडतात हे खरं. पण ते हस्तांतरितही होतात. काही मृतदेह सैनिकांनीच उचलून चिलखती गाडीत टाकले होते. ज्याने नुकतीच रायफल चालवली त्याचे हात, गाडीचा पत्रा, जवळून झाडलेली गोळी, यांतल्या कशानेही ते कण देहावर येऊ शकतात. सॅव्हिल यांच्यापुढच्या तज्ज्ञांनी ही चाचणी निरुपयोगी ठरवली. म्हणून आजची शिस्त अशी आहे: मृताच्या हातांना जागेवरच कागदी पिशव्या बांधायच्या, मृतदेह सैनिकी वाहनातून न्यायचा नाही, आणि नेलाच असेल तर कोणत्या गाडीतून, कोणी उचलला, किती वाजता, हे पंचनाम्यात लिहायचं. हे लिहिलं नसेल तर हातांवरच्या कणांचा अहवाल कोणत्याही बाजूने वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जखमा मात्र सहसा फसवत नाहीत. डेरीतल्या एका मृताला गोळी नितंबातून शिरून छातीतून बाहेर पडली होती. समोर उभं राहून पिस्तूल रोखणाऱ्या माणसाला अशी जखम होत नाही. जमिनीलगत सरपटत दूर जाणाऱ्याला मागून होते. त्याच्या सरपटण्याचे फोटोही उपलब्ध होते. त्यामुळे शवविच्छेदनात केवळ "गोळीमुळे मृत्यू" एवढं लिहून भागत नाही. प्रवेशाची आणि बाहेर पडण्याची जखम, टाचेपासूनची उंची, शरीरातला मार्ग वर गेला की खाली, हे हवंच. कपडे काढण्याआधी एक्स-रे घ्यावा, म्हणजे कपड्यांत अडकलेला तुकडाही दिसतो. कपडे सावलीत वाळवून कागदात बांधावेत. प्लास्टिकमध्ये ठेवलं की ओल धरते, बुरशी येते आणि रक्ताचा नमुना हातचा जातो.

आवाजाबद्दलच्या साक्षी मात्र जपून घ्याव्या लागतात. सैनिकी रायफलची गोळी आवाजाच्या दुपटीहून वेगाने जाते. तिच्या मार्गाजवळ उभ्या असलेल्या माणसाला आधी गोळीचा तडाखा ऐकू येतो, बंदुकीचा बार नंतर. त्यात उंच इमारतींमध्ये प्रतिध्वनी घुमतो. त्यामुळे "गोळी त्या गच्चीवरून आली" असं सैनिक प्रामाणिकपणे सांगतो तेव्हाही ती त्याच्याच तुकडीतल्या दुसऱ्याची असू शकते. नागरिकांच्या साक्षींनाही हेच लागू पडतं. दिशेबद्दलची साक्ष जखमेशी, भिंतीवरच्या खुणेशी किंवा फोटोशी जुळते का हे बघायचं. जुळत नसेल तर साक्षीदाराला खोटारडा ठरवण्याची गरज नाही, पण त्या साक्षीवर निष्कर्षही बांधू नये.

गोळ्यांच्या हिशोबातून जे निघतं ते भल्याभल्या उलटतपासणीतून निघत नाही. प्रत्येक सैनिकाला किती गोळ्या दिल्या, किती परत आल्या आणि तो किती झाडल्याचं सांगतो, हे तीन आकडे शेजारी मांडायचे. डेरीत 'सोल्जर एच' या सांकेतिक नावाच्या सैनिकाने २२ गोळ्या झाडल्या होत्या. त्यांपैकी १९ आपण एका दुधी काचेच्या खिडकीमागच्या एकाच बंदूकधाऱ्यावर झाडल्या, असं त्याचं म्हणणं. त्या रायफलच्या मॅगझिनमध्ये २० गोळ्या मावतात, म्हणजे मध्ये मॅगझिन बदलावं लागलं असणार. स्वतः विजरींनाही हे पटलं नाही. २२ पैकी १९ गोळ्यांचा हिशोब लागत नाही असं त्यांनी अहवालात लिहिलं. पण पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही: मग त्या १९ गोळ्या कोणाच्या दिशेने गेल्या? जवळच माणसं मरून पडली होती. विसंगती नोंदवायची आणि तिचा माग काढायचा नाही, हे कच्च्या चौकशीचं सर्वांत नेमकं लक्षण आहे.

जो पुरावा जपला जात नाही तो परत मिळत नाही. दुसरी चौकशी सुरू होईपर्यंत त्या दिवशी वापरलेल्या रायफलींपैकी बहुतेक नष्ट केल्या गेल्या होत्या किंवा विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या जपून ठेवा असं आयोगाने कळवल्यावरही दोन नष्ट झाल्या. याउलट, सैन्याच्या आणि पोलिसांच्या वायरलेसवरचं बोलणं एका स्थानिक रहिवाशाने स्वतः ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. विजरींनी ते स्वीकारलं नाही. सॅव्हिल यांच्यापुढे आदेशांचा क्रम लावताना त्याचा उपयोग झाला. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी घटनेनंतर लगेच घेतलेल्या शेकडो जबाबांचंही तसंच. विजरींकडे ते उशिरा पोचले आणि जवळपास वापरलेच गेले नाहीत. २८ वर्षांनी तेच साक्षीदारांच्या स्मृतीची कसोटी ठरले. एवढ्या वर्षांनी माणसाला स्वतः पाहिलेलं आणि टीव्हीवर पाहिलेलं वेगळं करता येत नाही. दुसऱ्याच आठवड्यात लिहून सही केलेला कागद असेल, तरच त्याची साक्ष टिकते.

आता सैनिकांचे पहिले जबाब. त्या रात्रीच रॉयल मिलिटरी पोलिसांनी, म्हणजे सैन्याच्या स्वतःच्या पोलिसांनी, गोळ्या झाडणाऱ्यांचे जबाब घेतले. सैनिकांना वरिष्ठांचा हुकूम होता, बोलणं भाग होतं. तुझं म्हणणं तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल अशी ताकीद दिली गेली नाही, वकील नव्हता. त्या रात्री ही कामकाजाची बाब वाटली असेल. परिणाम मात्र असा झाला की हे जबाब देणाऱ्याविरुद्ध फौजदारी न्यायालयात चालत नाहीत. म्हणजे घटनेच्या सर्वांत जवळचा, सर्वांत ताजा पुरावा, ज्याने तो दिला त्याच्यावरच्या खटल्यासाठी जन्मतःच बाद. 'सोल्जर एफ'वर २०१९ मध्ये दोन खुनांचा आणि काही जणांच्या खुनाच्या प्रयत्नांचा आरोप ठेवायचं ठरलं. २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला, पुढे पुन्हा उभा राहिला. खटला मुख्यतः त्याच्या दोन सहकाऱ्यांच्या त्याच जुन्या जबाबांवर टेकला होता. त्यांची उलटतपासणी होऊ शकत नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. सॅव्हिल अहवाल खोटा ठरला असा याचा अर्थ नाही. आयोग शक्यतांचा तोल बघून निष्कर्ष काढतो. फौजदारी न्यायालयाला वाजवी संशयापलीकडचा, आणि तोही कायद्याने ग्राह्य असलेला पुरावा लागतो.

त्यात भर म्हणून प्रत्येक चौकशीत एक सौदा असतो. सैनिकांनी खरं बोलावं म्हणून त्यांना हमी द्यावी लागते. सॅव्हिल चौकशीत ॲटर्नी जनरलने लेखी हमी दिली होती की साक्षीदाराचं आयोगापुढचं म्हणणं त्याच्याच विरुद्ध फौजदारी कारवाईत वापरलं जाणार नाही. हमी नसेल तर साक्षीदार गप्प बसतो. हमी दिली की तो बोलतो, पण त्याचं बोलणं खटल्याबाहेर जातं. यातून मधला मार्ग ऑस्ट्रेलियाने काढला. अफगाणिस्तानातल्या आपल्या विशेष दलांच्या कृत्यांवर न्यायाधीश ब्रेरटन यांनी २०१६ ते २०२० चौकशी केली. साक्षीदारांना उत्तर देणं सक्तीचं होतं, पण ते उत्तर त्यांच्याविरुद्ध वापरता येत नव्हतं. ३९ बेकायदा हत्यांची विश्वासार्ह माहिती पुढे आली; मृताशेजारी मुद्दाम शस्त्र किंवा वायरलेस ठेवण्याची पद्धतही उघड झाली. त्यानंतर खटल्यांसाठी वेगळं विशेष तपास कार्यालय उभं केलं आणि सक्तीची साक्ष त्याच्यापासून भिंतीआड ठेवली, म्हणजे पुढचा तपास दूषित ठरू नये. हे खर्चिक आणि संथ आहे, पण सत्यही हवं आणि खटलाही हवा असेल तर याहून बरा आराखडा मला माहीत नाही.

नावं गुप्त ठेवण्याबद्दल लोक फार चिडतात. ते समजण्यासारखं आहे, पण एका मर्यादेपर्यंत तडजोड करता येते. सैनिकाचं नाव बाहेर न देता त्याला एक अक्षर दिलं तरी उलटतपासणी पूर्ण होते. अट एवढीच की आयोगाला आणि कुटुंबांच्या वकिलांना तेच अक्षर सगळ्या कागदांवर सलग दिसलं पाहिजे.

भारताकडे येताना कायद्याची रचना नीट बघू. चौकशी आयोग अधिनियम १९५२ मध्ये आयोगाला साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं, शपथेवर तपासणं यांसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार मिळतात. कलम ६ प्रमाणे आयोगापुढे साक्षीत केलेलं विधान साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही; अपवाद फक्त खोट्या साक्षीच्या खटल्याचा. म्हणजे सॅव्हिल चौकशीत जी हमी वेगळी मागावी लागली, ती इथे कायद्यातच आहे. ज्याच्या लौकिकाला धक्का बसू शकतो त्याला कलम ८ ब प्रमाणे म्हणणं मांडण्याची संधी आणि ८ क प्रमाणे उलटतपासणीचा हक्क द्यावाच लागतो. इथे घाई करणाऱ्या आयोगांचे निष्कर्ष न्यायालयात उडतात. म्हणून पीडितांच्या वकिलांनीही ८ बच्या नोटिसा वेळेवर निघतात की नाही यावर डोळा ठेवावा. समोरच्याचा हक्क पाळला गेला तरच आपल्या बाजूचा अहवाल उभा राहतो. अहवाल सरकारला बंधनकारक नसतो. तो सादर झाल्यापासून सहा महिन्यांत कार्यवाहीच्या टिपणासह सभागृहाच्या पटलावर ठेवायचा असतो.

सैन्याची स्वतःची 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' ही वेगळी गोष्ट आहे. आर्मी रूल १८२ प्रमाणे तिथले जबाब, अगदी कबुलीसुद्धा, पुढच्या खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे "सैन्याने चौकशी केली आहे" हे ऐकून नागरी तपास थांबवला तर डेरीतल्या त्या रात्रीचीच पुनरावृत्ती होते. सैन्याची चौकशी आणि पोलिसांचा गुन्ह्याचा तपास पहिल्या दिवसापासून समांतर चालले पाहिजेत.

आणि पुढे मंजुरीची भिंत. सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा लागू असलेल्या ठिकाणी केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय खटला चालत नाही. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधल्या ओटिंगजवळ विशेष दलाच्या तुकडीने खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या आणि सहा जण मेले. त्यानंतर उसळलेल्या प्रक्षोभात आणखी नागरिकांचे जीव गेले. राज्याच्या विशेष तपास पथकाने एका मेजरसह ३० जणांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्राने मंजुरी नाकारली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कार्यवाही बंद केली. मंजुरी मिळाली तर ती पुढे नेता येईल असं म्हटलं. तपास झाला, आरोपपत्र झालं, तरी खटला उभा राहिला नाही. मणिपूरमध्ये मात्र बनावट चकमकींच्या आरोपांवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच न्या. संतोष हेगडे यांचा आयोग नेमला. त्याच्याकडे नमुन्यादाखल सहाच प्रकरणं दिली होती आणि मुदत आखून दिली होती. सहापैकी एकही चकमक खरी नव्हती असं आयोगाने सांगितलं, आणि त्यातून पुढे सीबीआयच्या विशेष पथकाचा तपास सुरू झाला. लहान कार्यकक्षा, ठरलेली मुदत आणि नेमणूक करणारं न्यायालय, हे तिन्ही एकत्र आल्याने तो अहवाल धूळ खात पडला नाही.

पुराव्याशी छेडछाड कशी होते याचं उदाहरण काश्मीरमध्ये आहे. मार्च २००० मध्ये पथरीबलला पाच जण परदेशी अतिरेकी म्हणून मारले गेले. नातेवाइकांशी ताडण्यासाठी पाठवलेल्या डीएनए नमुन्यांत फेरफार झाल्याचं प्रयोगशाळेतच उघड झालं. स्त्री नातेवाइकांचे म्हणून पाठवलेले काही नमुने पुरुषांचे निघाले. नव्याने नमुने घेतल्यावर मृत स्थानिक नागरिक असल्याचं सिद्ध झालं. यावरून घेण्याचा धडा सरळ आहे. नमुना घेताना नातेवाइकांचा माणूस हजर हवा, कुपी त्याच्यासमोर सीलबंद व्हावी, लेबलवर त्याची सही असावी आणि दुसरी कुपी स्वतंत्र ताब्यात राहावी.

मृतांचा आकडा हीसुद्धा चौकशीचीच बाब आहे. जालियनवाला बागेच्या बाबतीत डायरने सरकारने नेमलेल्या हंटर चौकशी समितीपुढे १,६५० गोळ्यांचा आकडा सांगितला, कारण काडतुसं मोजलेली होती. मृत मात्र कोणी मोजले नव्हते. नोंद घ्यायला सुरुवात काही महिन्यांनी झाली, आणि तिथे हजर होतो असं सांगितलं तर आपणच अडकू या भीतीने अनेक घरं गप्प राहिली. सरकारी आकडा ३७९ वर थांबला. काँग्रेसने हंटर समितीवर बहिष्कार टाकून गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी, मुकुंदराव जयकर यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपवली, म्हणून लोकांच्या साक्षी निदान छापील स्वरूपात उरल्या. सरकारी समितीतल्या भारतीय सदस्यांना, त्यांत चिमणलाल सेटलवाड होते, वेगळा अल्पमत अहवाल द्यावा लागला. बहिष्काराने सरकारी कागदावरची आपली बाजू रिकामी राहते. तेव्हा बहिष्कार घालायचाच, तर समांतर नोंद तेवढीच काटेकोर हवी.

तक्रारी खोट्याही असू शकतात, हे विसरू नये. इराकमधल्या २००४ च्या एका चकमकीनंतर ब्रिटिश सैनिकांनी कैद्यांना ठार मारल्याचा आरोप होता. अल-स्वेदी चौकशीने २०१४ मध्ये खुनांचे आरोप पूर्णपणे खोटे ठरवले, पण कैद्यांना काही बाबतीत वाईट वागणूक दिल्याचंही नोंदवलं. त्याच सैन्याच्या ताब्यात २००३ मध्ये बसऱ्याचा एक हॉटेल कर्मचारी ९३ जखमांनी मेला, आणि त्यावरच्या चौकशीने २०११ मध्ये सैन्याची गंभीर कसूर मांडली. दोन्ही निष्कर्ष एकाच प्रकारच्या यंत्रणेतून आले, म्हणूनच दोन्हींवर विश्वास ठेवता येतो.

अशी घटना तुमच्या भागात घडलीच, तर पहिल्या सात दिवसांत पुढची कामं करा. प्रत्येक साक्षीदाराचा जबाब एकेकट्याने घ्या, घोळक्यात नाही. त्याच्याच हाताने नकाशावर तो कुठे उभा होता ते काढून घ्या. काय पाहिलं, काय ऐकलं आणि काय इतरांकडून कळलं हे वेगळ्या रकान्यांत लिहा. गोळ्यांच्या खुणा आणि पुंगळ्यांचे फोटो मोजपट्टीसह आणि आजूबाजूची ओळख पटेल अशा लांबच्या चौकटीतही घ्या. पुंगळी उचलू नका. मोबाइलमधली मूळ फाइल जपा, व्हॉट्सॲपवरून आलेली नको, कारण त्यात वेळेची माहिती पुसली जाते. रुग्णालयाच्या नोंदवहीची प्रत मागा. जखमी किती वाजता आणि कोणत्या वाहनातून आला हे तिथे लिहिलेलं असतं. पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी, तुकडीची वायरलेस नोंद आणि दारूगोळ्याची नोंदवही जपून ठेवण्याची लेखी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे, पोलीस अधीक्षकांकडे आणि त्या तुकडीच्या मुख्यालयाकडे त्याच आठवड्यात पोचती करा आणि पोच घ्या. पुढे वही हरवली असं उत्तर आलं, तर ती पोच आयोगापुढे ठेवता येते, आणि वही हरवल्याचा खुलासा करण्याची जबाबदारी वही सांभाळणाऱ्यावर येते.